पिवळ्या ड्रेसवरची फीत

वॅरंडूलच्या मेन स्ट्रीटवर बघण्यासारखं फारसं काही नाही. जे आहे ते सगळ्यांनी बघून झालंय. पण सप्टेंबर लागला की मिसेस पॅस्कोंच्या कपड्यांच्या दुकानाच्या काचेसमोर माणसं रेंगाळायला लागतात. बायका तर असतातच, पण शेतीच्या दुकानातून कुंपणाची तार घेऊन निघालेले पुरुषसुद्धा तार खांद्यावर घेऊन दोन मिनिटं उभे राहतात. ऑक्टोबरात घोड्यांची शर्यत असते, वॅरंडूल कप, आणि त्या दिवशी कोणती बाई काय घालून येणार हे त्या काचेत आधीच जाहीर होतं.

त्याची रीत अशी. काचेत पुतळ्यांवर नवे ड्रेस चढतात, प्रत्येक तऱ्हेचा एकच. जिला जो आवडेल तिने पांढऱ्या फितीवर आपलं नाव लिहायचं आणि ती फीत त्या ड्रेसच्या घेराला, रस्त्याकडून दिसेल अशी टाचायची. मग मिसेस पॅस्को तो ड्रेस तिच्या मापात शहरातून मागवतात. फीत लागली की कपच्या दिवसापर्यंत तो ड्रेस दुसऱ्या कुणाला मिळत नाही. आणि फीत जिने लावली तिनेच काढायची, इतर कुणी हात लावायचा नाही. मिसेस पॅस्कोंच्या सख्ख्या बहिणीने एकदा डोळ्यात पाणी आणून एक फीत काढायला सांगितली होती, तेव्हाही त्या बधल्या नाहीत. बहीण तीन वर्षं बोलत नव्हती. पण भर मैदानात दोन बायका एकाच ड्रेसमध्ये समोरासमोर येण्याची आफत वॅरंडूलवर कधी आली नाही. आमच्या गावात लोक दुष्काळाला घाबरतात, पण तो सगळ्यांनाच गाठतो. ही आफत नेमकी तुमच्यावर येते, म्हणून तिची भीती जास्त.

लिनेट ड्वायर त्या दुकानात शिरली ती मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. लिनेट म्हणजे गव्हाच्या कोठारावरच्या वजनकाट्यावर बसते ती. अंगाने दणदणीत, आवाजाने त्याहून. तिच्या ड्रेसचं माप चोवीस, म्हणजे जवळजवळ सगळ्यात मोठं, आणि ते सांगताना तिने कधी आवाज खाली आणला नाही. दिवसभर भरलेले ट्रक तोलणाऱ्या बाईला स्वतःच्या वजनाचं काय ओझं वाटणार! शरीराने तिला कधी दगा दिला नव्हता. दगा द्यायची ती दुकानं.

या वर्षी तिचं काम साधं नव्हतं. तिचे वडील कोल ड्वायर जुलैत, आमच्याकडच्या ऐन थंडीत गेले. जन्मभर त्यांनी घरामागच्या तबेल्यात घोडे तयार केले आणि त्यातले बहुतेक सगळे शेवटून पहिले आले. त्यांच्या जॉकीचा अंगरखा पिवळाधमक होता, सप्टेंबरात पिवळ्या फुलांनी भरलेल्या कनोलाच्या शेतासारखा. कुणी विचारलं, ‘कोल, एवढा भडक रंग कशाला?’ की ते म्हणायचे, “माझा घोडा फार मागे असतो रे. लांबून दिसायला तरी नको का?” शर्यतीच्या कमिटीने या वर्षीचा कप त्यांच्या नावाने ठेवला होता आणि तो लिनेटच्या हातून द्यायचा होता. तेव्हा लिनेटने ठरवलं होतं की आपण पिवळं घालायचं. आणि काचेत, अगदी मधोमध, पिवळा ड्रेस उभा होता. कमरेला बारीक चुण्या, घेर भरपूर, बाह्या अगदी खांद्यापाशी संपणाऱ्या.

“आलीस, लिन? ये ये,” मिसेस पॅस्को म्हणाल्या. साठी उलटलेली बाई, ठेंगणी, रुंद. गळ्यात टेप, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला तोच राखाडी झगा. लिनेटला आठवतंय तेव्हापासून तोच. “तुझ्यासाठी मागे आहे ना. थांब, आणते.”

मागे म्हणजे पडद्याआड. एका बाजूला शाळेचे गणवेश, दुसऱ्या बाजूला हिरवळीवर बोल्सचे चेंडू घरंगळवणाऱ्या आज्यांचे पांढरे स्कर्ट, आणि मध्ये एक दांडी. दांडीवर एकच ड्रेस पाच-सहा मापांत टांगलेला. गडद निळा, पुढून एकावर एक येणारा, बाह्या कोपराखाली, घेर असा की काहीच दिसू नये.

“नवा माल आलाय,” मिसेस पॅस्कोंनी तो धरून दाखवला.

“नवा? हा माझ्याकडे आहे. एक नाही, दोन आहेत.”

“मग बरंच की. बसतो हे नक्की.”

“हाच ग्लोरियाकडे आहे. ट्रिशकडे आहे. त्या हॉस्पिटलातल्या डॉटकडे आहे. आणि तुमच्या दुकानात म्हणे दोन बायकांना एक ड्रेस मिळत नाही!”

“अगं, ते तुमच्या मापाला नाही ना लागू,” मिसेस पॅस्को म्हणाल्या. त्यात कुजकेपणा अजिबात नव्हता. सोमवारी दुकान बंद असतं, हे सांगावं तशा सुरात त्या बोलल्या. लिनेटला तेच जास्त झोंबलं. कुणी टोमणा मारला असता तर तिने सव्याज परत केला असता. पण टोमणा नसलेल्या बोलण्याला काय परत करणार?

“मला तो पिवळा हवाय, मिसेस पॅस्को.”

“तो मी सोळाच्या वर नाही मागवत, पोरी. पिवळा रंग अंगावर येतो. थांब, याचाच एक नंबर मोठा बघते, हाताला सैल पडेल तुला.”

आणि त्या पडद्याआड गेल्या.

काउंटरवर काचेच्या बरणीत फिती असतात, शेजारी पेन आणि टाचण्या. लिनेटने एक फीत घेतली. तिच्यावर आपलं नाव लिहिलं, ठळक, ट्रक ड्रायव्हरांच्या पावत्यांवर लिहिते तसं. मग ती दोन पुतळ्यांमधल्या फटीतून आडवी होऊन काचेत शिरली. एक पुतळा डुगडुगला, त्याला तिने दंडाला धरून उभा केला आणि पिवळ्या ड्रेसच्या घेराला फीत टाचली. बाहेर म्हातारा मर्व वर्तमानपत्र काखेत घेऊन उभा होता. त्याने आधी फीत वाचली, मग लिनेटकडे पाहिलं, मग अंगठा वर केला.

मिसेस पॅस्को एक नंबर मोठा निळा ड्रेस घेऊन बाहेर आल्या तेव्हा लिनेट दाराशी पोचली होती. “राहू दे तो,” ती म्हणाली. “माझा काचेत आहे.”

मर्वचं तोंड म्हणजे गावचा लाउडस्पीकर. संध्याकाळपर्यंत फीत बघायला माणसं आली. कुणी हसलं, कुणी ‘बरं केलं’ म्हणालं. बुधवारी सकाळी फेलिसिटी हारकोर्ट आली. शर्यतीच्या कमिटीच्या अध्यक्षाची बायको. पिवळ्या ड्रेसवर तिने मनातल्या मनात पहिल्याच दिवशी नाव घातलं होतं, फक्त टाचायचं राहिलं होतं. काचेबाहेर ती बराच वेळ उभी राहिली आणि मग आत गेली. आत काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही. पण दुपारी मिसेस पॅस्कोंनी दुकानाला कुलूप लावलं, आपली चिमुकली पांढरी गाडी काढली आणि त्या कोठारावर आल्या.

जुना गहू बंदराकडे जात होता, ट्रकांची रांग होती. त्या रांगेत, दोन अगडबंब ट्रकांच्या मध्ये, ती चिमुकली गाडी पुढे सरकत सरकत वजनकाट्यावर येऊन थांबली. लिनेटने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“काय भरलंय, मिसेस पॅस्को? गहू की बार्ली?”

“चेष्टा पुरे झाली, लिन. फीत काढ.”

“तुम्हीच काढा की.”

“मी काढत नाही, तुला माहितीये. जिने लावली तिनेच काढायची. शब्द आहे माझा.”

“मग ड्रेस मागवा. तोही शब्दच आहे तुमचा. फीत लागली की त्या बाईच्या मापात ड्रेस येतो.”

मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. लिनेटने त्याला हातानेच गप्प बसवलं, आणि मिसेस पॅस्कोंना गाडी बाजूला लावून आत यायला सांगितलं. केबिनमध्ये दोन खुर्च्या होत्या. मिसेस पॅस्को झगा आवरून टोकावर बसल्या.

“कंपनी एवढी मोठी मापं काढत नाही,” त्यांनी सुरुवात केली.

“काढते. मी काल फोन केला होता. सव्वीसपर्यंत काढते.”

मिसेस पॅस्को जराशा ओशाळल्या. “बरं, काढते. पण मोठी मापं एक-दोन नाही पाठवत. सहा घ्यावे लागतात. ड्रेस कोणतेही घ्या, पण सहा. एक तुझा. उरलेले पाच मी कुणाच्या गळ्यात मारू? तुमच्या मापाच्या बायका असलं काही घेत नाहीत गं. त्या निळाच घेतात. दरवर्षी घेतात. मी बघतेय ना इतकी वर्षं!”

“निळाच असतो म्हणून निळाच घेतात! दांडीवर दुसरं काही टांगून बघितलंत कधी?”

“लिन, मी वाईट नाही चिंतत तुझं. निळ्यात माणूस उठून दिसत नाही.”

“तेच सांगतेय मी,” लिनेट म्हणाली, आणि तिचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “डॅडच्या दफनाला मी तोच घातला होता. त्या आठवड्यात तुमचे किती निळे ड्रेस खपले ते आठवा. ग्लोरिया त्यातच, ट्रिश त्यातच, डॉट त्यातच. आमचे लेस अंकल आले होते लांबून. डॅडचे धाकटे भाऊ. नजर अधू झालीये त्यांची. चर्चच्या दारात त्यांनी ग्लोरियाला मिठी मारली. ‘लिन, माझ्या लिन’ म्हणत रडले, डॅडच्या लहानपणीचं काय काय सांगितलं. ती बिचारी काय करणार, उभी राहिली तशीच. मी चार पावलांवर उभी होते. माझ्यापर्यंत ते आले तेव्हा त्यांचं रडून झालं होतं. मला म्हणाले, ‘तू कोण गं?’”

बाहेर ट्रकचं इंजिन घुरघुरत होतं.

“त्या ड्रेसमध्ये मी डॅडना मातीत ठेवलं. त्याच ड्रेसमध्ये त्यांचा कप देणार नाही. मला वाईट वाटेल हो, दुसरं काही नाही. फार वाईट वाटेल.”

मिसेस पॅस्को गळ्यातल्या टेपचं टोक गुंडाळत बसल्या. दुकानातून येताना टेप काढायचंसुद्धा त्यांना सुचलं नव्हतं.

“ऑर्डर शुक्रवारी पाचला जाते,” त्या अखेर म्हणाल्या. “तोवर सहा फिती लावून दाखव. खऱ्या, घेणाऱ्या बायकांच्या. नाही झाल्या तर आपल्या हाताने आपली फीत काढायची.”

“ठरलं. आणि तुम्ही काय घालता हो कपला? मी कधी बघितलंच नाही.”

“मी?” त्यांनी झग्याचं वरचं बटण चाचपलं. “मी तंबूत चहा करते. चहाला कसला ड्रेस लागतो?” आणि त्या उठल्याच.

ट्रिशला काही सांगावंच लागलं नाही. ती शाळेची बस चालवते. तिने बस, रिकामीच, दुकानासमोर उभी केली, आत गेली आणि नारिंगी ड्रेसला फीत लावून तीन मिनिटांत परत चाकामागे बसली. हॉस्पिटलातल्या डॉटने हिरवा घेतला. ‘रात्रपाळीला सगळं आयुष्य पांढऱ्यात गेलं, आता निळ्यात मरणार नाही’, असं ती म्हणाली म्हणे.

मग आली मेले, नावच तसं तिचं. ती टोंगा नावाच्या बेटांवरून आलेली, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात असते आणि चर्चमध्ये गायला लागली की छपराचे पत्रे थरथरतात. ती आपल्या नणंदेला, आनाला, घेऊन आली. काचेतल्या पुतळ्यांपुढे दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“अगं बाई, यांना कुणी जेवायला घालत नाही का?” मेले म्हणाली. “आमच्याकडे अशी सून आणली तर सासूला नावं ठेवतील!”

तिने लाल घेतला, आनाने पांढरा, मोठ्या फुलांचा. फिती लावताना दोघींनी काचेतून रस्त्यावरच्या लोकांना हात केले. गुरुवार संध्याकाळपर्यंत पाच फिती झाल्या होत्या आणि मेन स्ट्रीटवर दुसरा विषय नव्हता.

राहिली ग्लोरिया. सहावी तीच, हे लिनेटने पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेलं. दोघी शाळेपासूनच्या. खेळाच्या दिवशी दोघींच्या मापाची चड्डी मिळेना, तेव्हा पीटीच्या बाईंनी आपल्या नवऱ्याच्या आणून दिल्या होत्या. दोघींनी त्या नाडीने आवळून रस्सीखेच जिंकली होती. ग्लोरिया आता पबच्या स्वयंपाकघरात होती. लिनेट मागच्या दाराने गेली तेव्हा ती बटाटे सोलत होती.

“नाही,” ग्लोरिया म्हणाली. लिनेटने तोंड उघडायच्या आधीच.

“अजून मी विचारलं नाही.”

“मर्वने विचारून झालंय. नाही, लिन. काचेत नाव लावायचं? उद्या इथे बारमध्ये सगळे सुरू होतील. ‘ग्लोरिया, तंबू कुठे ठोकणार यंदा?’ तू वजनकाट्यावर बसतेस, खिडकी लावून घेतेस. मला रोज यांच्यापुढे ताटं ठेवायचीयेत.”

“त्यांचं जेवण तुझ्या हातात आहे, आणि तू त्यांना घाबरतेस?”

“हसू नकोस. निळ्यात मला कुणी बघत नाही. मला तेच हवंय. सगळ्यांनाच नसतं गं तुझ्यासारखं बेडर असणं!”

ग्लोरियाला ओढून नेणं लिनेटला सहज जमलं असतं, अंगानेही आणि तोंडानेही. पण ओढून लावलेली फीत खरी नसते. “लेस अंकल येणारेत कपला,” एवढंच ती म्हणाली. “त्यांनी तुला पुन्हा मिठी मारली तर मारू दे. चांगली मिठी मारतात.” ग्लोरियाने बटाट्यावरून मान वर केली नाही.

शुक्रवारी दिवसभर लिनेटचं काट्यावर लक्ष नव्हतं. एक रिकामा ट्रक तिने भरलेला ठरवला, ड्रायव्हरनेच परत फिरून चूक सांगितली. नर्सरीतल्या बाईला फोन केला, ती गावाला गेलेली. पोस्टातल्या बाईला विचारलं, तिने यंदा पँट घालायचं ठरवलेलं. साडेचारला लिनेटने खिडकी लावली आणि निघाली. शब्द दिला होता. आपला शब्द आपण मोडायचा आणि मिसेस पॅस्कोंकडून त्यांचा पाळून घ्यायचा, हे तिला जमणारं नव्हतं. कपच्या दिवशी आजारी पडायचं, हे तिने रस्त्यातच ठरवूनही टाकलं. कप फेलिसिटीने दिला तर दिला. निळा घालायचा नाही.

दुकानात मिसेस पॅस्को काउंटरमागे उभ्या होत्या, हात फोनवर. घड्याळात पाचला थोडीच मिनिटं कमी होती.

“ग्लोरिया नाही आली,” लिनेट म्हणाली.

“नाही.”

“मग काढते माझी.”

ती पुतळ्यांमधून आडवी होऊन काचेत शिरली. पिवळ्या ड्रेसपाशी खाली वाकली. टाचणी हाताशी आली, आणि तिची नजर पलीकडे गेली. काचेच्या अगदी कोपऱ्यात मोरपिशी रंगाचा ड्रेस होता, गळ्याशी मण्यांची ओळ असलेला. सकाळपर्यंत त्याच्या घेराला काही नव्हतं. आता पांढरी फीत होती. अक्षर बारीक, जुन्या शाळेतलं, वळणदार.

मार्जरी पॅस्को.

लिनेटने ते दोनदा वाचलं. मग तशीच वाकलेल्या अवस्थेत तिने मागे वळून पाहिलं.

“पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या फिती बघितल्या,” मिसेस पॅस्को फोनकडे बघत म्हणाल्या. “माझं माप वीस आहे. झग्यात कळत नाही. कुणी विचारलंही नाही कधी, तू वगळता.” मग त्यांचा आवाज पुन्हा दुकानदारिणीचा झाला. “ऊठ आता तिथून. पुतळा पाडशील. सहा झाल्या.”

लिनेट उठली. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण डोळे भरून आले आणि तोंडातून निघालं ते वेगळंच. “मोरपिशी उठून दिसेल हो तुम्हाला.”

“दिसू दे,” मिसेस पॅस्को म्हणाल्या आणि नंबर फिरवायला लागल्या.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. ग्लोरिया. पबचा एप्रन तसाच, त्यावर बटाट्याची सालं, धापा टाकत.

“झालं? पाच वाजले? बारमध्ये त्या मर्वने विचारलं तंबूचं, खरंच विचारलं. मी त्याची प्लेट उचलली आणि परत आत नेली. म्हटलं, आता माफी मागितल्याशिवाय मटणाचा चॉप मिळणार नाही. सगळा बार त्यालाच हसला! मग म्हटलं जाऊ दे मरू दे, लावतेच फीत. आहे का जागा? सहा झाल्या असतील ना?”

“कंपनी सहाच्या खाली पाठवत नाही,” मिसेस पॅस्को म्हणाल्या. “वर कितीही पाठवते. बरणी तिकडे आहे.”

काचेत एकच ड्रेस बिनफितीचा उरला होता. गुलाबी, त्यावर बशीएवढाले ठिपके. कुणी बघू नये म्हणून जन्मभर जपून राहिलेल्या ग्लोरियाने तो एकदा पाहिला, डोळे मिटले आणि टाचणी मारली.

कपच्या दिवशी ऊन होतं, वाराही होता. फेलिसिटी हारकोर्ट फिकट करड्या रंगात आली. दुसऱ्या गावाहून आणलेला ड्रेस होता, छान होता, उगाच खोटं कशाला बोला. कुंपणाजवळ तिने लिनेटला गाठलं.

“किती धाडसी आहेस गं तू, लिन! मला नसतं झालं हे धाडस.”

“ड्रेस आहे, फेलिसिटी,” लिनेट म्हणाली. “मी काही विमानातून उडी नाही मारलेली.”

पिवळा ड्रेस तिला बसला होता. नुसता अंगात गेला नव्हता, बसला होता. चुण्या जिथे पडायला हव्यात तिथे पडल्या होत्या. उघड्या दंडांवर ऊन लागत होतं, आणि दंडांना ऊन लागतं तेव्हा कसं वाटतं हे ती विसरली होती. चहाच्या तंबूत चहा दुसरंच कुणीतरी ओतत होतं. मिसेस पॅस्को तंबूबाहेर खुर्ची टाकून मोरपिशी रंगात बसल्या होत्या. गळ्यात आज टेप नव्हता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट बदलून त्यांच्यासमोरून जायचा मोह होत होता.

कपची शर्यत झाली. लिनेट छोट्या मंचावर चढली, कप दोन्ही हातांनी उचलला. खाली बघितलं. ती ट्रिश, नारिंगी. तो डॉटचा हिरवा. मेलेचा लाल, आनाची फुलं. आणि पार पलीकडे, बारच्या पुरुषांच्या घोळक्यात मधोमध, ग्लोरियाचे ठिपके. गर्दीत प्रत्येकजण वेगळी दिसत होती. जिंकलेल्या घोड्याच्या मालकाला तिने कप दिला, हात मिळवला, डॅडचं नाव लाउडस्पीकरवरून ऐकलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं.

मंचावरून उतरली तर गर्दीच्या पार टोकाला, गाड्या लावतात तिकडून, लेस अंकल येताना दिसले. काठी टेकत, कुणाचा धक्का लागला तर टोपीला हात लावत. वाटेत ग्लोरिया लागली. ग्लोरियाने त्यांच्याकडे पाहिलं, जराशी तयारच झाली, दोन्ही हात थोडे उघडून. लेस अंकलनी तिला टोपी उचलून दाखवली आणि ते पुढे आले. ट्रिशला ओलांडलं. मेलेला ओलांडलं. सगळं हिरवळीचं मैदान तुडवत ते सरळ लिनेटपाशी येऊन थांबले, काठी गवतात टाकली आणि तिला मिठी मारली.

“लिन,” ते म्हणाले. “तिकडे गाड्यांपासून दिसत होतीस गं.”

आता मात्र ती रडली.